घरचा उजेड : छायाचित्रणाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू

'फोटोग्राफी' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ प्रकाशाने केलेले लेखन असा आहे. त्यास 'प्रकाशलेखन' किंवा 'प्रकाशचित्र' असा सरळ पर्याय करता आला असता. तथापि मराठीत रूढ झाला तो 'छायाचित्र' हा शब्द. काटेकोर शब्दशास्त्र्यास येथे अर्थाची उलटापालट झालेली दिसेल. परंतु दख्खनच्या पठारावर वैशाखातील दुपारी एखाद्या माणसास अंगणात उभे करून ज्याने त्याचे चित्र घेण्याचा प्रयत्न केला असेल, त्याला मराठी शब्दच अधिक नेमका वाटेल. माथ्यावरच्या सूर्याने डोळ्यांच्या खाचा काळ्या पडतात, नाकाची सावली ओठावर मिशीसारखी उतरते आणि कपाळ पांढरेफटक होते. उजेडाला तोटा नसतो. सोय नसते ती सावलीची. आपल्याकडील छायाचित्रण ही उजेड मिळविण्यापेक्षा तो आवरण्याची, वळविण्याची आणि मऊ करण्याची विद्या होती, आणि मोठे स्टुडिओ सोडले तर ही विद्या चादर, धोतर, पत्र्याचा डबा आणि कंदील अशा घरगुती वस्तूंवर चालली. छायाचित्रणाच्या इतिहासग्रंथांत कॅमेऱ्यांच्या जाती आणि भिंगांच्या पेढ्या यांची नोंद असते. चादरीची क्वचितच असते, आणि ती धरणाऱ्याची त्याहून क्वचित.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते एका जुन्या काचेने. हैदराबादेतील नल्लकुंटा भागात आमचे बिऱ्हाड तीन पिढ्या होते. (तेलुगूत 'नल्ल' म्हणजे काळे आणि 'कुंट' म्हणजे लहान तळे. छायाचित्राच्या नादी लागलेल्या घराचा पत्ता 'काळे तळे' असावा, हा योगायोग आमच्या घरी विनोदाचा विषय होता.) मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्यामुळे नोकरी, कोर्टकचेरी आणि शिक्षण यांसाठी तिकडील कुटुंबे राजधानीत येत; उस्मानिया विद्यापीठ जवळच असल्याने गावाकडचा एखादा विद्यार्थी आमच्या माडीवर सदैव मुक्कामास असे. आजोबांचे धाकटे बंधू, ज्यांना सारे घर नाना म्हणे, त्यांना छायाचित्रणाचा नाद होता. त्यांनी १९३८ च्या सुमारास घेतलेल्या माझ्या आजीच्या चित्राची मूळ काच काही वर्षांपूर्वी एका पेटीत सापडली. चित्र अंगणातले आहे. आजी पाटावर बसली आहे, मागे काळी घोंगडी टांगलेली आहे, आणि तिचा उन्हाकडे नसलेला गालही पुरेसा उजळ आहे. तो उजेड कोठून आला हे घरातल्या जुन्या माणसांना ठाऊक होते: आजोबांचे धुवून वाळविलेले धोतर कोणीतरी दोन्ही हातांनी ताणून धरले होते. त्या 'कोणीतरी'कडे मी शेवटी येईन.

आता थोडे मागे जावयास हवे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने कोलोडियनच्या ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली आणि थोड्याच वर्षांत ती हिंदुस्थानात आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि व्यावसायिक म्हणून नावारूपास आलेले हरिश्चंद्र चिंतामण हे आपल्याकडील या कलेचे आरंभीचे उपासक होत. ओली काच वाळण्यापूर्वी चित्र घ्यावयाचे आणि वाळण्यापूर्वीच धुवावयाचे, अशी घाई असे. शिवाय माणसाला कित्येक सेकंद पुतळ्यासारखे बसावे लागे. त्या काचेला निळा आणि जांभळा प्रकाश तेवढा 'दिसे'. तांबडा, पिवळा तिच्या लेखी अंधारच. म्हणूनच युरोपातील काही स्टुडिओंत छताला निळी काच बसवीत. बसणाऱ्याचे डोळे दिपविणारा बराचसा प्रकाश तीत अडे आणि चित्राच्या कामाचा निळा प्रकाश मात्र फारसा कमी होत नसे.

स्टुडिओ बांधण्याचा युरोपीय नियम असा, की काचेचे छत व भिंत उत्तरेकडे असावी. तिकडून ऊन कधी आत येत नाही. आकाशाचा सौम्य, सारखा उजेड तेवढा येतो. हा नियम पुस्तकांतून आपल्याकडे जसाच्या तसा आला. परंतु हैदराबाद साडेसतरा अंशांच्या आत-बाहेर आणि मुंबई एकोणीस अंशांवर. दोन्ही शहरे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहेत. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत हैदराबादेत मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेस असतो. म्हणजे लंडनच्या पुस्तकाप्रमाणे बांधलेल्या काचघरात येथे नेमके उन्हाळ्याच्या भरात ऊन उतरणार! उजेड गोळा करण्यासाठी उभारलेल्या त्या घराला इकडे उजेड अडविण्यासाठी आतून दोऱ्यांवर सरकणारे कापडी पडदे लावल्याशिवाय गत्यंतर नव्हते. माझ्या मते आपल्या छायाचित्रणाचे खरे उपकरण तेव्हाच ठरले, आणि ते कापड होते.

हैदराबादपुरते बोलावयाचे तर येथे राजा दीनदयाळ यांचे नाव प्रथम येते. मीरतजवळच्या सरधन्याचा हा गृहस्थ रुडकीस अभियांत्रिकी शिकून इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात लागला, तेथे छायाचित्रणाकडे वळला आणि १८८०-९० या दशकात सहाव्या निजामाच्या, मीर महबूब अली खान यांच्या, पदरी राहिला. सिकंदराबादच्या त्यांच्या स्टुडिओची कीर्ती सर्वश्रुत आहे. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ उघडला. मला येथे महत्त्वाचा वाटतो तो १८९२ साली त्यांनी केवळ स्त्रियांसाठी काढलेला निराळा स्टुडिओ. त्याचा कारभार केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाईंकडे होता. पडदानशीन घरांतील स्त्रियांना परपुरुषासमोर न जाता आपले चित्र काढून घेता यावे, हा त्याचा हेतू. व्यवसायाच्या दृष्टीने ही चतुर योजना होतीच. परंतु प्रकाशाच्या दृष्टीने पाहिले तर तीत एक अडचण दडलेली आहे. छायाचित्राला हवे असते उघडेपण, आणि पडद्याला ते नको असते. ज्या खोलीत उजेड मुक्तपणे येतो, त्या खोलीत नजरही येते.

ही अडचण केवळ नवाबांच्या हवेल्यांची नव्हती. मध्यमवर्गीय मराठी घरांत गोषा नसला तरी लग्नाच्या मुलीने चौकातल्या स्टुडिओत जाऊन परक्या माणसाच्या सूचनेनुसार मान वळवावी, हे पुष्कळांना रुचत नसे. इकडे स्थळाकडून फोटोची मागणी येऊ लागली होती. तेव्हा घरातल्याच एखाद्या दिराने, मामाने किंवा भावाने अंगणात कॅमेरा मांडावयाचा, हा तोडगा निघाला. आमच्या नानांचा नाद घरच्यांनी सहन केला, किंबहुना त्याला पैसे पुरविले, याचे मुख्य कारण हेच असावे. नल्लकुंट्यातील आणि जवळच्या मराठी घरांतील कितीतरी मुलींचे 'दाखविण्याचे' फोटो आमच्या अंगणात निघाले.

त्यांची रीत अशी होती. सकाळी आठ-नऊची किंवा दुपारी चारनंतरची वेळ. माणूस ओसरीच्या कडेला, ऊन जेथे संपते त्याच्या एक हात आत. म्हणजे समोरून आकाशाचा उजेड मिळतो आणि डोक्यावर छप्पर असल्यामुळे वरून पडणारा, खाचा पाडणारा उजेड अडतो. अंगणातून येणारा उजेड एका गालावर पडला की दुसऱ्या गालाच्या बाजूस पांढरे कापड धरावयाचे, आणि तो गाल फारच सपाट दिसू लागला तर कापड एक पाऊल मागे न्यावयाचे. आरसा वापरू नये असे नाना बजावीत. आरसा ऊन एकाच दिशेने फेकतो, त्यामुळे डोळे मिटतात आणि गालावर चट्टा उठतो. कापड मिळालेला उजेड चहूकडे विखरून परत देते. कापड निळीत काढलेले असले तर उत्तम, असेही ते म्हणत. निळीमुळे पिवळेपणा जातो आणि काचेला प्रिय असलेला निळसर प्रकाश अधिक मिळतो, असा त्यांचा तर्क. हा लाभ प्रत्यक्षात किती होत असेल याची मला शंका आहे. पण धोतर नुसते स्वच्छ असणेही थोडे नव्हे.

त्या काळापर्यंत सर्व रंगांना जागी असलेली पँक्रोमॅटिक काच बाजारात येऊन बरीच वर्षे झाली होती. तरीही हौशी माणूस तांबड्याला आंधळी असलेली ऑर्थोक्रोमॅटिक काचच वापरीत राहिला, आणि त्याचे कारण पुन्हा घरच्या उजेडात सापडते. पँक्रोमॅटिक काच धुवावयाची तर मिट्ट काळोख हवा. ऑर्थोक्रोमॅटिकला कंदिलाभोवती तांबडे कापड गुंडाळले की पुरते. रात्री जेवणे आटोपल्यावर स्वयंपाकघराच्या फटींत चिंध्या कोंबून नाना काचा धूत, तेव्हा सारा कारभार त्या तांबड्या कंदिलावर चाले. या काचेची किंमत मात्र चित्रातल्या स्त्रियांनी मोजली. तांबडे ते सारे काळे, या न्यायाने कपाळावरचे कुंकू काजळाच्या टिकलीसारखे उतरे आणि गव्हाळ वर्ण होता त्याहून सावळा दिसे. 'फोटोत मुलगी काळी दिसते' या तक्रारीने किती घरांत मने दुखावली असतील! मुलीच्या अंगी नसलेला दोष काचेच्या अंगी होता.

हे एका घराचे वेड असते तर त्यावर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु धुतलेल्या कापडाची हीच युक्ती आपल्याकडील एका फार मोठ्या उपक्रमाच्या मुळाशी आहे. दादासाहेब फाळके यांच्या चरित्राचा हा भाग सर्वांना ठाऊक आहे: १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्म, मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, मग बडोद्याचे कलाभवन, पुढे गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय. कॅमेऱ्याने आयुष्य घटते या लोकसमजाचा त्यांच्या छायाचित्रणाच्या व्यवसायाला फटका बसला आणि प्लेगने पहिली पत्नी व मूल नेले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. सरस्वतीबाई त्या वेळी अगदी लहान वयाच्या होत्या.

१९१२ च्या आरंभी फाळके लंडनला जाऊन कॅमेरा आणि त्याची विद्या घेऊन आले. परतल्यावर त्यांनी पहिला प्रयोग केला तो वाटाण्याचा. कुंडीत दाणा पेरून, कॅमेरा समोर रोवून, दररोज थोडे थोडे चित्रण करीत त्यांनी अंकुराचा वेल होताना टिपला, आणि तेवढ्यावर भांडवलदाराचे मन वळविले. छायाचित्रकार येथे क्षणभर थांबेल. असे चित्रण सलग दिसावयाचे तर रोजचा उजेड शक्य तितका सारखा असावा लागतो. एक दिवस ढगाळ आणि दुसरा लख्ख असला की पडद्यावर वेल नाचू लागतो. वाटाण्याच्या चित्राची गोष्ट बहुधा चिकाटीची म्हणून सांगितली जाते. तीत घरातल्या उजेडाचीही परीक्षा होती.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आला. त्याचे काम दादर येथे, बहुतांशी सूर्याच्या उजेडात झाले. त्या कामातील सरस्वतीबाईंचा वाटा चरित्रकारांनी नोंदविला आहे, पण बहुधा पतीला साथ देणाऱ्या गृहिणीच्या गुणवर्णनात. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. दागिने त्यांनी दिले. कोरी फिल्म कडेला छिद्रे न पाडलेली येई. ती छिद्रे पाडण्याचे आणि रसायने मिसळून फिल्म धुण्याचे काम त्या शिकल्या. आणि दिवसा चित्रीकरणाच्या वेळी त्या पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत, असे सांगितले जाते.

या शेवटच्या वाक्यावरून आपण भरभर पुढे जातो. ज्याने कधी चादर धरली आहे तो जाणार नाही. दोन हात उंच करून ताणलेले ओलसर नसलेले कापड पाच मिनिटांत जड होते. वारा आला की त्याचे शीड होते आणि उजेड नटाच्या चेहऱ्यावर लहरू लागतो. सूर्य सरकतो तशी चादरही सरकवावी लागते, आणि ती कोठे सरकवावयाची हे धरणाऱ्यालाच उमगावे लागते. कारण कॅमेऱ्याचा दांडा फिरविणाऱ्याचे लक्ष अन्यत्र असते. म्हणजे हे केवळ कष्टाचे काम नव्हे, नजरेचे आहे. आज चित्रपटसृष्टीत त्याला पगारी माणसे असतात, आणि श्रेयनामावलीत त्यांची नावेही येतात.

तारामतीची भूमिका करण्याविषयी सरस्वतीबाईंना विचारले गेले होते आणि त्यांनी ती नाकारली, हेही प्रसिद्ध आहे. अखेर एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पडद्यावर दिसण्यास ज्या बाईने नकार दिला, तिनेच त्या पडद्यावरील राणीच्या चेहऱ्यावर उजेड धरला असेल, ही शक्यता मला त्या चित्रपटाच्या कथानकापेक्षा अधिक हलवून सोडते.

कोल्हापुरात हा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडविला गेला. बाबूराव मेस्त्री, ज्यांना आपण बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, आणि त्यांचे आतेबंधू आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगविण्यात नावाजलेले होते. पडदा रंगविणाऱ्याला सावल्या स्वतःच काढाव्या लागतात. राजवाड्याचा खांब गोल दिसावा म्हणून तो त्याच्या एका अंगास काळोखी देतो. परंतु अशा पडद्यापुढे नट उन्हात उभा केला की खांबाची रंगविलेली सावली डावीकडे आणि नटाची खरी सावली उजवीकडे पडते, आणि कॅमेरा ते खोटे लगेच पकडतो. बाबूरावांनी चित्रपटात रंगविलेल्या पडद्यांऐवजी उभारलेल्या देखाव्यांचा आग्रह धरला, त्याच्या मुळाशी पडदे रंगविणाऱ्याचे हेच ज्ञान असावे, असा माझा तर्क आहे. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले. बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये स्वतःचा कॅमेरा घडविला. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या उभारणीस गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसे दिले, ही गोष्टही चादरीप्रमाणेच तळटीपेत राहून गेलेली आहे. १९२० चा 'सैरंध्री' आणि १९२३ चा 'सिंहगड' हे त्या कंपनीचे गाजलेले चित्रपट. रात्रीच्या प्रसंगांसाठी 'सिंहगड'मध्ये कृत्रिम दिव्यांचा उपयोग केला गेला, आणि भारतीय चित्रपटातील तसा तो पहिला मानला जातो. तानाजी रात्री गड चढला, तेव्हा ती रात्र दाखविण्यासाठी दिवे लावणे भाग पडले. छायाचित्र या शब्दाला याहून समर्पक उदाहरण मिळणे कठीण आहे.

दिव्यांची कथा घरांत मात्र उशिरा आली. मध्यंतरी मॅग्नेशियमच्या भुकटीचे युग होऊन गेले. १८८७ मध्ये जर्मनीत सिद्ध झालेली ती भुकटी भपकन पेटे, खोलीभर पांढरा धूर करी आणि माणसांचे डोळे विस्फारलेले टिपी. आमच्या नानांनी तिला घरात थारा दिला नाही, आणि स्फोटक मिश्रणाचे गुणधर्म पाहता त्यांचे शहाणपण वाखाणले पाहिजे. पुढे 'फोटोफ्लड' नावाचा दिवा आला. आतली तार मुद्दाम प्रमाणाबाहेर तापवून २७५ वॅटच्या दिव्यातून कितीतरी अधिक उजेड काढावयाचा, आणि त्या बदल्यात दोन-तीन तासांत दिवा जळून जावयाचा, असा हा सौदा होता. साठीच्या दशकात परदेशी मालावर निर्बंध होते. अशा दिव्यांवर पैसा घालणे हौशी माणसास परवडत नसे.

नानांचा नाद माझ्या काकांकडे आला तो या काळात. त्यांनी डालड्याचे मोठे डबे तळाशी भोक पाडून दिव्याच्या होल्डरवर बसविले, आत साधे दोनशे वॅटचे दिवे लावले आणि ते डबे कपडे वाळत घालण्याच्या काठ्यांना बांधले. डब्याच्या आतल्या चकाकीने उजेड पुढे येई खरा, पण तो कडक असे. तो मऊ करण्यासाठी काकांनी संक्रांतीच्या पतंगांचा पांढरा कागद डब्याच्या तोंडाशी ताणला. एकदा मी तो कागद दिव्याच्या फार जवळ नेला आणि तो तपकिरी होऊन मध्येच फाटला. तेव्हापासून कागद एका चौकटीवर लावून हातभर दूर धरण्याचे काम माझ्याकडे आले. अंतर दुप्पट केले की उजेड चौथ्या हिश्शावर येतो, हा नियम मी शाळेत शिकण्यापूर्वी माझ्या खांद्यांनी शिकलो. संध्याकाळी शहरात सर्वत्र दिवे लागले की विजेचा दाब उतरे. दाब शेकडा पाच कमी झाला की अशा दिव्याचा उजेड शेकडा सोळाच्या आसपास कमी होतो. म्हणून काका दिवा न पाहता देवघरातल्या बल्बकडे पाहून चित्रणाचा वेळ वाढवीत. त्या वर्षांतल्या घरच्या एकाही चित्रात मी नाही. तेव्हा त्याचे काही वाटले नाही.

आता त्या काचेविषयी. एका परिचित तंत्रज्ञाने ती यंत्रावर ठेवून अनेक पटींनी मोठी केली. आजीच्या डोळ्याच्या बुबुळात दोन ठिपके आहेत. वरचा लांबट ठिपका अंगणावरच्या आकाशाचा. खालचा, बाजूचा, जवळजवळ चौकोनी ठिपका धोतराचा. त्याची वरची कड मध्यावर तुटलेली आहे आणि तेथे एक काळा कण दिसतो. धोतर धरणाऱ्याचे डोके कापडाच्या वर आलेले असावे. आत्या त्या वेळी बारा वर्षांची होती. उंच दिसण्यासाठी तिला उखळावर उभे केले होते, असे ती सांगे, आणि आजी तिच्याकडे पाहून हसू नये म्हणून नाना तिला तोंड कापडामागे घे असे दोनदा ओरडले होते. आजीच्या ओठांची कड पाहिली तर आत्याने ते ऐकलेले दिसत नाही.